मेंदूचा निरोप आणि जठराचे आम्ल : एका दीर्घ वादाचा इतिहास

इव्हान पाव्हलॉव्ह हे नाव घेतले की घंटा आणि लाळ गाळणारा कुत्रा डोळ्यांसमोर येतो. परंतु १९०४ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाशी घंटेचा संबंध नव्हता. ते पारितोषिक पचनक्रियेच्या अभ्यासासाठी होते, आणि त्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी एक साधा दिसणारा प्रश्न होता : घास पोटात उतरण्याआधीच जठराला त्याची वर्दी कोण देते?

आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. वर्दी मज्जातंतूंतून जाते की रक्तातून, यावर शरीरशास्त्रज्ञांत दोन पक्ष पडले आणि त्यांचा वाद अनेक दशके चालला. धागा लांब आहे. पण ‘टेन्शन घेतलेस म्हणून ॲसिडिटी झाली’ हे वाक्य ज्यांनी ऐकले किंवा ऐकवले आहे, त्यांनी तो शेवटपर्यंत वाचावा. त्या वाक्यालाही इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

आरंभी शब्दांचा एक घोळ दूर करू. आपण बोलताना ‘पित्त झाले’ म्हणतो तेव्हा बहुधा जठरातील आम्लाविषयी बोलत असतो. आधुनिक शरीरशास्त्रातील पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा द्रव. आयुर्वेदातील पित्त ही याहून व्यापक कल्पना. या धाग्यात विषय फक्त आम्लाचा आहे.

१८१४ साली लंडनच्या शल्यवैद्य बेंजामिन ब्रॉडी यांनी रॉयल सोसायटीपुढे काही प्रयोग मांडले. सोमल देऊन मारलेल्या प्राण्याच्या जठरात भरपूर द्रव पाझरलेला आढळे. मात्र मेंदूपासून मान व छातीतून पोटाकडे उतरणारा व्हेगस मज्जातंतू आधीच कापला, तर हा पाझर होत नसे. म्हणजे जठराच्या स्रावावर मेंदूकडून येणाऱ्या तंतूचा काहीतरी अंमल होता. जठरातील आम्ल नेमके कोणते, हेही तेव्हा ठाऊक नव्हते. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असल्याचे विल्यम प्राउट यांनी दहा वर्षांनी, १८२४ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढचा पुरावा प्रयोगशाळेतून आला नाही. तो एका दुकानात सुटलेल्या गोळीतून आला.

६ जून १८२२. अमेरिका-कॅनडा सीमेवरील ह्यूरन सरोवरातील मॅकिनॅक बेट. अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात कोणाच्या तरी हातून बंदूक चुकून सुटली आणि हातभर अंतरावर उभ्या असलेल्या अलेक्सिस सेंट मार्टिन या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या डाव्या कुशीत छर्रे घुसले. बेटावरील लष्करी तळाचे डॉक्टर विल्यम बोमाँट धावत आले. हा तरुण दोन दिवसही काढणार नाही असे त्यांना वाटले होते. तो वाचला; पण जखम भरताना जठराची कड पोटाच्या भिंतीला चिकटून बसली आणि बाहेरून आत जाणारे एक कायमचे छिद्र राहिले.

मराठीत लिहिताना डॉक्टरांना ‘त्यांनी’ आणि नावाड्याला ‘त्याने’ असे सर्वनाम सहज लेखणीतून उतरते. यापुढे दोघांनाही आदरार्थी बहुवचन वापरले आहे, ते जाणीवपूर्वक.

१८२५ पासून बोमाँट यांनी त्या छिद्रातून दोऱ्याला बांधून मांस, पाव, कोबीचे तुकडे आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले, रस काढून बाटलीत अन्न विरघळते का हे तपासले. १८३३ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यात दोनशेहून अधिक प्रयोगांच्या नोंदी आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद थोडक्यात येऊन जाते : राग, भीती किंवा मनःस्थिती बिघडवणारे काहीही घडले, की जठराच्या आतील अस्तराचा रंग आणि ओलावा बदलतो, स्राव मंदावतो किंवा थांबतो. मन आणि जठर यांचा संबंध माणसाने याआधी अनुभवला होता. तो डोळ्यांनी पाहून लिहून ठेवण्याची संधी प्रथमच मिळाली.

मात्र त्या रागाचे कारण काय असावे? आपले पोट उघडे ठेवून तासन्‌तास पडून राहावे लागणाऱ्या माणसाला राग येणे अस्वाभाविक नव्हते. १८२५ मध्येच सेंट मार्टिन न सांगता कॅनडात निघून गेले, तिथे लग्न केले आणि चार वर्षांनी पैशांच्या गरजेपोटी पत्नी-मुलांसह परतले. १८३२ मध्ये त्यांच्याशी लेखी करार झाला : वर्षाला १५० डॉलर, राहणे आणि जेवण, मोबदल्यात डॉक्टरांना हवे तेव्हा हवे ते प्रयोग. सेंट मार्टिन यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यामुळे त्यांच्या बाजूने सांगितलेले जवळजवळ काहीच शिल्लक नाही. जे आहे ते डॉक्टरांच्या लेखणीतून गाळून आलेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अडचण परिचित असते. दप्तर ज्याच्या हाती, त्याचाच आवाज टिकतो.

तरीही कागदाबाहेर एक उत्तर उरले. १८३४ मध्ये सेंट मार्टिन पुन्हा कॅनडात गेले, ते कायमचे. बोमाँट यांनी वर्षानुवर्षे पत्रे धाडली. ते आले नाहीत. १८८० साली क्वेबेकमध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा विल्यम ऑस्लर यांना त्यांचे जठर तपासणीसाठी आणि वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय संग्रहालयासाठी हवे होते. कुटुंबाने नकार कळवला, उन्हाळ्याच्या दिवसांत मृतदेह मुद्दाम काही दिवस तसाच ठेवला आणि मग नेहमीपेक्षा खोल खड्ड्यात पुरला, जेणेकरून कोणी उकरून काढू नये आणि काढलाच तर उपयोग होऊ नये. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सेंट मार्टिन यांच्या पक्षाने केलेले हे सर्वांत स्पष्ट विधान आहे.

आता सेंट पीटर्सबर्ग. १८४९ साली र्‍याझान येथे एका धर्मगुरूच्या घरी जन्मलेले पाव्हलॉव्ह १८९१ पासून तिथल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रिया विभागाचे प्रमुख होते. बोमाँट यांना अपघाताने मिळाले ते पाव्हलॉव्ह यांनी शस्त्रक्रियेने घडवले. एकातेरिना शुमोवा-सिमानोव्स्काया यांच्यासह १८८९ च्या सुमारास केलेला त्यांचा प्रयोग असा : कुत्र्याच्या मानेत अन्ननलिका कापून तिची तोंडे त्वचेला जोडायची आणि जठराला वेगळे छिद्र ठेवायचे. कुत्रा खातो, गिळतो, घास मानेतून खाली ताटलीत पडतो. जठरात कणही पोहोचत नाही. तरीही सुमारे पाच मिनिटांत जठराच्या नळीतून स्वच्छ, तीव्र आम्लधर्मी रस टपकू लागतो. तोंडाला पाणी सुटते हे मराठीला जुने ठाऊक आहे. पोटालाही सुटते, हे या प्रयोगाने दाखवले.

मग त्यांनी व्हेगस तंतू कापले. कुत्रा पूर्वीच्याच आवडीने खात राहिला. रस आला नाही.

हा पुरावा इतका नेमका होता की त्यावरून पाव्हलॉव्ह एका मोठ्या निष्कर्षाकडे गेले. पचनग्रंथींचा खरा मालक मज्जासंस्था आहे, असे ते मानू लागले. ब्रेस्लाऊच्या रुडॉल्फ हायडेनहाइन यांनी जठराची वेगळी केलेली एक छोटी पिशवी अभ्यासासाठी बनवली होती, पण तिचे व्हेगसशी नाते तुटत असे. पाव्हलॉव्ह यांनी १८९४ च्या सुमारास तंतू शाबूत ठेवून तशी पिशवी तयार केली आणि मुख्य जठरात काय चालले आहे ते तिच्यातून वाचले. भुकेच्या इच्छेने पाझरणाऱ्या पहिल्या रसाला ते मानसिक स्राव म्हणत. तीच वाट पुढे घंटेपर्यंत गेली.

एक उपकथा सांगायलाच हवी. असे खोटे जेवण जेवणाऱ्या कुत्र्यांचा रस गाळून, बाटल्यांत भरून अपचनावरचे औषध म्हणून विकला जाई आणि त्यातून प्रयोगशाळेच्या उत्पन्नात मोठी भर पडे. डॅनियल टोड्स या इतिहासकारांनी या प्रयोगशाळेचे वर्णन कारखाना म्हणून केले आहे, ते केवळ अलंकारिक नाही.

१६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी या साम्राज्याला पहिला तडा दिला. त्यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका वेटोळ्याचे सगळे मज्जातंतू तोडले, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या, आणि त्यात आम्ल सोडले. तंतू नसताना स्वादुपिंडाला निरोप मिळायला नको होता. स्वादुपिंडाचा रस वाहू लागला. निरोप रक्तातून गेला होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रीटिन म्हटले आणि १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी एक नवा शब्द व्याख्यानात वापरला : हॉर्मोन.

पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करून पाहण्यात आला, त्याची आठवण त्यांचे शिष्य बाबकिन यांनी लिहून ठेवली आहे. परिणाम तोच आला. पाव्हलॉव्ह काही न बोलता आपल्या खोलीत गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले आणि ते लोक बरोबर आहेत, सत्याचा मक्ता काही आपण घेतलेला नाही, अशा अर्थाचे बोलले. त्यानंतर पचनाच्या अभ्यासातून त्यांचे लक्ष उडत गेले. याहून बोलका प्रसंग त्यांच्याकडेच काम केलेल्या लिओन पोपिएल्स्की यांचा आहे. तंतू तोडल्यावरही स्वादुपिंड प्रतिसाद देते हे त्यांनी लंडनच्या आधीच पाहिले होते. पण निरोप तंतूंतूनच जातो या श्रद्धेपायी त्यांनी तो एक स्थानिक प्रतिक्षेप ठरवला. डोळ्यांसमोरची वस्तू दिसण्यासाठी आधी ती असू शकते असे मानावे लागते.

१९०५ सालीच जॉन एडकिन्स यांनी जठराच्या खालच्या टोकाच्या अस्तराचा अर्क शिरेत टोचून आम्लस्राव वाढतो हे दाखवले आणि त्यातील अज्ञात द्रव्याला गॅस्ट्रिन नाव दिले. जठरालाही स्वतःचा हॉर्मोन असल्याचा हा दावा होता. दुर्दैव असे की त्यानंतर शरीरात सर्वत्र सापडणारे हिस्टामीन पुढे आले, आणि आता ल्व्हूव्ह येथे प्राध्यापक असलेल्या त्याच पोपिएल्स्कींनी ते कुत्र्याला टोचून पाहिले तेव्हा आम्लाचा लोट आला. हा निष्कर्ष १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. मग शंका आली : एडकिन्स यांच्या अर्कात फक्त हिस्टामीनच तर नव्हते? गॅस्ट्रिन बासनात गेले. एडकिन्स १९४० मध्ये वारले. १९६४ साली लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे काढले तेव्हा एडकिन्स बरोबर ठरले, चोवीस वर्षे उशिरा.

या दोन पक्षांमधली भिंत मात्र एका तिसऱ्याच ठिकाणी कोसळली. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोवी यांनी दोन बेडकांची हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस उत्तेजित केला; ते मंदावले. त्याच्यातले द्रावण दुसऱ्यावर सोडले. तेही मंदावले, जरी त्याच्या तंतूला कोणी स्पर्श केला नव्हता. म्हणजे मज्जातंतू आपल्या टोकाशी एक रसायन सोडतो. ते ॲसिटिलकोलिन असल्याचे पुढे सिद्ध झाले. जठरात उतरणारा व्हेगसही हीच भाषा बोलतो. धोतऱ्याच्या कुळातील बेलाडोनापासून मिळणारे ॲट्रोपीन दिले की जठराचा स्राव घटतो, याचे कारण ते याच ॲसिटिलकोलिनची वाट अडवते. तंतू की रसायन, हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला होता. दोन्ही पक्षांचे निरोप अखेर रसायनांचेच होते. फरक इतकाच, की एक टपालाने जाई आणि दुसरा हस्ते.

यापुढील भाग माणसांचा आहे, आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो.

१९४१ पासून न्यूयॉर्कमध्ये स्टुअर्ट वुल्फ आणि हॅरोल्ड वुल्फ हे डॉक्टर ‘टॉम’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मध्यमवयीन गृहस्थांचा अभ्यास करत होते. लहानपणी उकळते सूप गिळल्याने त्यांची अन्ननलिका बंद झाली होती आणि पोटावर ठेवलेल्या छिद्रातून ते आयुष्यभर जेवत. प्रयोगशाळेतच त्यांना नोकरी देण्यात आली. भीती किंवा खिन्नता आली की टॉम यांचे जठर फिकट पडे आणि आम्ल घटे. उलट अपमान गिळावा लागला, मनात चीड कोंडली, की अस्तर लालबुंद होई आणि आम्ल वाढे. म्हणजे ‘ताण’ असे एकच काही नव्हते. भीती आणि चीड जठराला वेगवेगळे निरोप देत होत्या. १९४३ मध्ये यावर ग्रंथ निघाला.

लोकांपर्यंत पोहोचताना हा फरक गळून पडला आणि उरले ते एवढेच : मनस्तापाने आम्ल वाढते, आम्लाने अल्सर होतो. शिकागोत मनोविश्लेषक फ्रान्त्स अलेक्झांडर अल्सरच्या मुळाशी प्रेमाची आणि पोसले जाण्याची दडपलेली ओढ शोधत होते. त्याच शहरात १९४३ च्या जानेवारीत शल्यविशारद लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी एका अल्सरग्रस्त रुग्णाचा व्हेगस कापला. त्यांचे तर्कशास्त्र पाव्हलॉव्ह यांचेच होते : अशा रुग्णांत रात्री, पोट रिकामे असतानाही, आम्ल झरत राहते, निरोप आणणारा तंतूच तोडला तर ते थांबेल. ते थांबलेही. पण व्हेगस केवळ आम्लाचा निरोप नेत नाही, जठराची हालचालही तोच चालवतो. अनेकांचे अन्न पोटात साचून राहू लागले. मग जठराचे खालचे द्वार रुंद करण्याची जोडशस्त्रक्रिया आली आणि १९७० च्या सुमारास फक्त आम्ल स्रवणाऱ्या भागाचेच तंतू वेचून कापण्याची पद्धत निघाली. एका आजाराचे एक उत्तर सोफ्यावर, दुसरे मेजावर. दोन्हीकडे दोष रुग्णाच्या मेंदूकडून येणाऱ्या निरोपाचा.

कात्रीऐवजी गोळीचा मार्ग जेम्स ब्लॅक यांनी काढला. इंग्लंडमधील स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीत १९६४ पासून ते हिस्टामीनचा जठरातील परिणाम रोखणारे द्रव्य शोधत होते. सुमारे दोनशे संयुगे तपासूनही पहिली चार वर्षे हाती काही लागले नाही. १९७२ मध्ये जठरात हिस्टामीनसाठी वेगळा ग्राही असल्याचे त्यांनी दाखवले आणि १९७६ मध्ये सिमेटिडीन बाजारात आले. त्याने आणखी एक कोडे सुटले. हिस्टामीन अडवले की व्हेगसचा आणि गॅस्ट्रिनचा परिणामही बराच ओसरत असे. व्हेगस आणि गॅस्ट्रिन दोघेही जठरातील काही विशिष्ट पेशींकडून हिस्टामीन सोडवून घेतात आणि ते शेजारच्या आम्लपेशीला जागे करते, असे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. पाव्हलॉव्ह, एडकिन्स आणि पोपिएल्स्की एकाच साखळीच्या तीन कड्या धरून बसले होते.

साखळीचे वरचे टोक, मेंदूच्या आतले, सर्वांत शेवटी सापडले. १९८० साली कॅलिफोर्नियात इव्हेट ताशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीआरएच हे मेंदूतील रसायन उंदरांच्या मेंदूत अत्यल्प प्रमाणात सोडले, आम्ल वाढले. तेच रक्तात सोडले तर वाढले नाही, आणि व्हेगस कापलेला असेल तरीही नाही. याउलट बॉम्बेसिन नावाचे द्रव्य मेंदूत सोडताच आम्ल घटले. १९८३ मध्ये त्यांनी सीआरएफ तपासले. तणावाच्या प्रसंगी मेंदू जे रसायन सोडून शरीराला सावध करतो, ते हेच. उंदरांच्या मेंदूत ते सोडल्यावर आम्लस्राव वाढला नाही, कमी झाला. भीतीने टॉम यांचे जठर फिकट पडत असे, त्याची इथे आठवण होते.

नेमक्या याच काळात, १९८२ मध्ये, ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी रुग्णांच्या जठरातील एक वळणदार जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. बहुतेक अल्सरांच्या मुळाशी हाच हेलिकोबॅक्टर होता, आणि काही वेदनाशामक गोळ्या. आम्ल त्या जखमेला चिघळवत होते, आम्लाचा लगाम मेंदूच्या हातीही होता, पण अल्सरचा आरंभ बहुधा मनात झालेला नव्हता. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. व्हेगस कापण्याची शस्त्रक्रिया तोवर जवळजवळ नामशेष झाली होती. चाळीस वर्षांत ती जगभर असंख्य रुग्णांवर झाली. ‘स्वभाव बदला, मनाला लावून घेऊ नका’ असे ऐकत जे त्या मेजावर चढले, त्यांतल्या अनेकांचा आजार दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी बरा होण्याजोगा होता.